माहेरची फांदी

रिफामध्ये हाजी मुबारकच्या बंगल्यामागं हिवाळा राहायचा. थट्टा नाही हो. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावला तर फोड यावा, आणि मागच्या अंगणात काचेचं एक लांबट घर, त्याचं दार लोटलं की नाकाचा शेंडा गार पडायचा. आत सफरचंदाची झाडं. आणि झाडांमध्ये दोन स्वेटर, वर नवऱ्याचं जुनं जाकीट नि डोक्याला घट्ट ओढणी गुंडाळलेली अकीला. राजापूरच्या अलीकडं खाडीकाठचं गाव तिचं. खाऱ्या वाऱ्यात वाढलेली बाई, पहाटेच्या धुक्यापलीकडं थंडी म्हणून जिनं कधी पाहिली नाही, ती बहरीनच्या वाळूत येऊन हिवाळा सांभाळत होती. नशीब कुणाला कुठं नेऊन बसवील त्याचा नेम नाही.

हिवाळा आणायचा मात्र तिचा नवरा. रहिमतुल्ला कूलिंगचा मेकॅनिक. हाजीचा फळांचा धंदा, मनामात त्याची मोठाली कोल्ड स्टोरेज, ती बरीच वर्षं रहिमतुल्लाच बघायचा. मग हे काचेचं घरही त्याच्याच गळ्यात आलं. डिसेंबर लागला की तो कॉम्प्रेसरचा आवाज कान देऊन ऐकायचा नि थंडीची चक्री हळूहळू फिरवत न्यायचा. काचेआड पानं पिवळी पडायची, गळायची, झाडं झोपी जायची. मार्चमध्ये चक्री उलटी फिरली की कळ्या फुगायच्या. आमचा माणूस अल्लाचं काम पगारावर करतो, असं अकीला हसून म्हणायची आणि लगेच तोबा तोबा करायची.

आता ह्या हाजीला असलं खूळ कुठून लागलं म्हणाल, तर तरुणपणी त्याची छाती बिघडली होती. लेबनॉनच्या डोंगरातल्या एका दवाखान्यात वर्षभर पडून होता. खिडकीबाहेर सफरचंदाचं झाड. ते त्यानं उघडं पाहिलं, बर्फात पाहिलं, फुललेलं पाहिलं. एक दिवस जरा बरं वाटलं तसा तो खाली उतरला, हात वर केला, एक सफरचंद तोडलं आणि खाल्लं. त्या दिवशी मला कळलं मी जगणार, असं तो सांगायचा. पुढं जन्मभर त्यानं सफरचंदं पेट्यांनी विकली, पण ती सगळी मेण लावलेली, बोटीतून आलेली. म्हातारपणी त्याला एकच हवं होतं. झाडावरचं एक सफरचंद, आपल्या हातानं तोडलेलं.

मुलगे कातावले होते. वाळवंटात विजेवर बर्फ पाडायचा म्हणजे काय, लोक हसतात. तेव्हा म्हाताऱ्यानं भर मजलिसमध्ये त्यांना शब्द दिला. एक सफरचंद तोडून खाल्लं की यंत्र बंद, काचघर मोडा, गाड्या लावा, खलास. तोवर कुणी ब्र काढायचा नाही. आणि हाजीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळ्या रिफाला ठाऊक होतं.

त्याच सुमाराला हाजीनं रहिमतुल्लाला विचारलं, झाडांना कुणी हलक्या हाताचं माणूस मिळेल काय. रहिमतुल्लाच्या तोंडून आपसूक निघून गेलं की माझी बायको आहे, कलमं बांधणाऱ्याची मुलगी. आणि बघता बघता फॅमिली व्हिसा आला, काचघराला लागून एक खोली मिळाली, आणि अकीला आली.

ही गोष्ट साधी वाटते, पण तिच्यासाठी ती साधी नव्हती. लग्न होऊन जन्म लोटला होता आणि नवरा वाट्याला आला होता तो दोन वर्षांतून एकदा, महिनाभराच्या लीव्हवर. त्यातले पहिले दिवस लाजण्यात जायचे नि शेवटचे बॅगा भरण्यात. मूलबाळ झालं नाही. गावात तिच्यासारख्या पुष्कळ होत्या, घरावर नवं कौल नि घरात एकटी बाई. रिफाच्या त्या खोलीत तिला पहिल्यांदा कळलं की रहिमतुल्ला झोपेत दात खातो, त्याला भाकरी जरा करपलेली आवडते, आणि रागावला की तो गप्प बसून पाने नि पकडी पुसत बसतो. असलं काही कळायला माणूस रोज घरी यावं लागतं. तेव्हा तिच्या दृष्टीनं हिशेब उघड होता. झाडाला सफरचंद धरलं की ती परत गावी, नि रहिमतुल्ला परत मनामातल्या आपल्या जुन्या, आठ जणांच्या खोलीत.

पण पहिली दोनतीन वर्षं असला विचार तिच्या मनाला शिवला नाही. ती जीव तोडून झाडांमागं लागली होती.

आल्या आल्याच तिनं एक काम केलं. पाच झाडं देखणी, लाल गोड फळाची. सहावं एक वेडंवाकडं, काटकुळं. त्याला सुपारीएवढी आंबटढाण फळं येतात असं हाजीनं सांगितलं होतं. कोकणातल्या माणसाला असलं झाड दिसलं की हात शिवशिवतात. रायवळ आंब्यावर हापूस बांधायचा, हे तिनं चालायला लागल्यापासून पाहिलेलं. तिनं त्या काटकुळ्याच्या फांद्या छाटल्या, गोड झाडाच्या काड्या आणून खुंटी कलमं बांधली, पट्टीनं आवळली. रहिमतुल्ला शिडी धरून उभा होता. सगळं उडवलं, पण खालची एक फांदी तिनं राखली. तिचे अब्बा राखायचे. कलम बांधताना जुन्या झाडाची एक तरी फांदी ठेवायची, नाहीतर मूळ रुसतं, असं ते म्हणायचे. त्या फांदीला गावाकडं माहेरची फांदी म्हणत. बाई सासरी नांदायला लागली तरी तिला माहेराकडं बघायला एक खिडकी हवी, तसं ते.

कलमं झकास जगली. झाडं फुलली. काय फुलली म्हणून सांगू, पांढऱ्यावर गुलाबी झाक, जणू कुणी काचघरात दूध उकळायला ठेवलं नि ते उतू आलं. आत मधमाशी नाही, म्हणून अकीला सुरम्याच्या सळईला कापूस गुंडाळून फुलाफुलाला स्वतः भेटायला जायची. ह्याच्यातला पराग त्याला, त्याच्यातला ह्याला. आणि आठवड्याभरात सगळी फुलं गळून खाली सडा. एक फळ धरलं नाही. पुढल्या वर्षी तेच. तिनं शेणखत घातलं, आल्यालसणाचं पाणी मारलं, दुवा मागितल्या. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

हाजी फुलांच्या दिवसांत रोज यायचा. लेबनॉनच्या दवाखान्यापासूनचा जाड कोट अंगात, काठी टेकत, खोकत. खुर्चीत बसून पाकळ्या गळताना बघायचा. पूर्वी मुंबईच्या बंदरात धंदा केलेला, त्यामुळं त्याची हिंदी झकास होती. जाताना तो दरवेळी एकच विचारायचा, "अकीला, इस साल?" आणि ती म्हणायची, "इंशाल्ला." तोही इंशाल्ला म्हणायचा नि काठी उचलायचा.

त्या वर्षी, फुलं यायच्या जरा आधी, दत्तप्रसाद माती घेऊन आला. तो दापोलीला शेतकी शिकलेला, बुदय्याच्या एका नर्सरीत नोकरीला. आपल्या मुलखाची बाई दिसली की त्याच्या जिभेला हाड राहत नसे. चहा पिता पिता त्यानं झाडांवरून नजर फिरवली नि विचारलं, हे सगळं एकाच जातीचं दिसतं, दुसरी जात कुठं आहे? अकीला अभिमानानं म्हणाली, होती एक आंबट, तिच्यावरही मी हीच बांधली. दत्तप्रसादनं कप खाली ठेवला.

तो ओरडला नाही, हसलाही नाही. शांतपणे समजावून सांगितलं. सफरचंदाच्या फुलात नर नि मादी दोन्ही असतात, पण ते आपल्या जातीचा पराग मानत नाही. कलम म्हणजे तेच झाड पुन्हा. ही सगळी म्हणजे एकच झाड, ताई, नुसतं वेगवेगळ्या जागी उभं. थंड मुलखात लोक मुद्दाम मधे एक आंबट जंगली झाड लावतात, त्याच्या परागासाठी. अकीला म्हणाली, आमच्या गावी तर नुसता हापूस असतो. तो म्हणाला, असतो, पण बांधाला कुणाचा ना कुणाचा रायवळ उभा असतोच, त्याचे उपकार कुणाच्या ध्यानात येत नाहीत. मग त्यानं परागाची रीतही सांगितली. उमलायच्या आदल्या दिवशीची टपोरी गुलाबी कळी खुडायची, चोळून आतले पिवळे केसर काढायचे, उबेला कागदावर वाळवायचे, की भुकटी सुटते. एवढं सांगून तो गेला. जाताना त्या राखलेल्या फांदीकडं बोट करून म्हणाला, हिला जपा.

अकीला खूप वेळ त्या झाडाखाली बसून राहिली. आपल्याच हातानं आपण सहा झाडांना वांझ केलं, ह्याचं तिला इतकं वाईट वाटलं की हुंदका आला. आणि त्या हुंदक्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी वर आलं, ज्याची तिला लाज वाटली. ते म्हणजे आनंद. अगं बाई, मी वांझ केलं म्हणून तर मी इथं आहे!

त्यानंतरचे दिवस तिला धुक्यातून चालल्यासारखे गेले. काचघरात ऊब सुटत होती, कळ्या फुगत होत्या, काचांवरून पाणी ओघळत होतं. ती झाडांमधून हिंडायची नि स्वतःशी बोलायची. माहेरच्या फांदीला मागली दोन वर्षं एक फूल आलं नव्हतं, आपोआप कळ्या गळाल्या असतील, यंदाही गळतील, मला काय त्याचं. मी तिला हात लावणार नाही, बस. मग दुसऱ्या झाडापाशी जाऊन ती उलटं म्हणायची. म्हातारा खोकतो किती. पुढली फुलं त्याला दिसतील काय? रात्रीचं जेवण वाढताना ती रहिमतुल्लाच्या तोंडाकडं बघायची नि काही बोलायची नाही. तोही बोलायचा नाही, पण त्याचं न बोलणं नेहमीचंच होतं.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरची असरची नमाज आटोपून ती चहाचा थर्मास घेऊन आत गेली. कॉम्प्रेसरच्या घरघरीत तिचं पाऊल वाजलं नाही. रहिमतुल्ला माहेरच्या फांदीपाशी पाठमोरा उभा होता. एक एक गुलाबी कळी तो नखानं खुडत होता नि शर्टाच्या खिशात टाकत होता. इतक्या जपून, की त्या दुखतील असं त्याला वाटत असावं.

तिनं थर्मास खटकन खाली ठेवला. तो वळला.

"हे काय करताय?"

त्यानं काही लपवलं नाही. "लेबनॉनहून झाडं आणलीन ना त्या ड्रायव्हरनं, त्यानं मला तेव्हाच सांगितलंन. हा आंबट बाकी सगळ्यांचा नवरा हाय, त्याला हात लावू नको म्हणून."

"आणि मी कलमं बांधत होते तेव्हा?"

"तेव्हा मी शिडी धरून उभा होतो."

"मग बोलला का नाय?"

"तुला येऊन दोन महिने पण झाले नव्हते, अकीला."

एवढं बोलून तो नेहमीसारखा गप्प बसेल असं तिला वाटलं. पण बांध फुटला म्हणतात तसं झालं. मूग गिळून बसलेला माणूस बोलायला लागला. आठ जणांच्या त्या खोलीत पलंगाचे वरखाली मजले, आपल्या मजल्यावरून छताला हात टेकायचा, त्या छतावर बोटानं तिचं नाव लिहायचा, ते त्यानं सांगितलं. इथं आल्यापासून कामावरून परतताना खोलीत दिवा दिसला की पावलं आपोआप भरभर पडतात, ते सांगितलं. हाजीचं मीठ खातो नि त्याचीच कळी खुडतो, पण तू जाशील ह्यापेक्षा ते बरं. एवढ्या वर्षांत त्यानं तिला असलं एक वाक्य ऐकवलं नव्हतं. अकीला रडली, मग हसली, मग तिनंही सांगून टाकलं की दत्तप्रसाद आल्या दिवसापासून मलाही सगळं ठाऊक आहे, मीही गप्पच आहे. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. दोघं त्या फांदीच्या दोन बाजूंना उभी, कुणी कुणाला रागवायचं हेच कळेना.

तेवढ्यात दार वाजलं. हाजी आला. कोट, काठी, खोकला. खुर्चीत बसला आणि नुकत्या उमलायला लागलेल्या झाडांकडं बराच वेळ बघत राहिला. त्या दिवशी त्याला धाप जास्त होती. उठताना त्यानं विचारलं, "अकीला, इस साल?"

नेहमीचा शब्द तिच्या ओठांवर आला. इंशाल्ला म्हणजे अल्लाची मर्जी असेल तर. आणि इथं अल्लाच्या मर्जीच्या आड ती नि तिचा नवरा, दोघं हात पसरून उभी होती. जिथं आपणच दार लावून घेतलंय, तिथं त्याचं नाव कसं घ्यायचं? तिनं मान खाली घातली. रहिमतुल्लाचीही मान खाली होती. म्हाताऱ्यानं दोघांकडं पाहिलं, आणि काठी टेकत निघून गेला. त्यानंही त्या दिवशी इंशाल्ला म्हटलं नाही.

दार बंद झाल्यावर रहिमतुल्लानं खिशात हात घातला. मूठभर कळ्या काढून त्यानं तिच्या ओंजळीत घातल्या.

"खलास," तो म्हणाला. "ह्या खेपेला जायचं झालं तर दोघं जाऊ. गावाकडं मिरकरवाड्याच्या बंदराला बर्फाची फॅक्टरी हाय. मला कोण नाय म्हणणार नाय."

अकीलानं ओंजळीत बघितलं. टपोऱ्या, गुलाबी, उद्या उमलल्या असत्या अशा. दत्तप्रसादनं सांगितलेल्या अगदी तशा. लोकांच्या काखेत कळसा नि गावाला वळसा असतो, इथं तर खिशातच कळसा होता.

खोलीतल्या उबेला, वर्तमानपत्रावर, त्यांनी केसर वाळवले. भुकटी सुटली, हळदीच्या चिमटीएवढी. दुसऱ्या दिवशी अकीला शिडीवर चढली आणि रहिमतुल्लानं शिडी धरली. सुरम्याची सळई त्या पिवळ्यात बुडवायची नि एका फुलाला टेकवायची. फुलांना काही घाई नव्हती, तिलाही नव्हती. कॉम्प्रेसर घुमत होता, काचेवर ऊन विरघळत होतं, बाहेर कुठंतरी खजुराच्या झाडावर माणूस चढून नराचा तुरा मादीला बांधत होता. अकीला एका फांदीवरून दुसरीवर जायची नि खाली विचारायची, धरलंय ना? तो म्हणायचा, धरलंय.

पाकळ्या गळाल्या. आणि ह्या वेळी मागं काहीतरी राहिलं. हिरवे, लवदार, वाटाण्याएवढे मणी. अकीलानं पहिला पाहिला तेव्हा तिनं तो चोरून दोनदा, तीनदा पाहिला. सगळे टिकले नाहीत, पण पाचसात टिकले. रिफात उन्हाळा पेटला, रस्त्यातलं डांबर चपलांना चिकटायला लागलं, आणि काचेआड ते मणी लिंबाएवढे झाले, मग मुठीएवढे, मग एका अंगानं लाल. हाजी रोज येऊन बसायचा. आता काही विचारायचा नाही, हातही लावायचा नाही. अकीलानं बॅग पलंगाखालून काढून पुसून ठेवली होती. तिला दुःख होतं, पण भीती नव्हती, कारण बॅगा दोन होत्या.

उन्हाळा उतरता उतरता हाजीनं मुलांना बोलावलं. ते आले, थंडीनं हात चोळत, घड्याळाकडं बघत. रहिमतुल्ला यंत्राच्या बटणापाशी जाऊन उभा राहिला. शब्द म्हणजे शब्द. हाजी काठी टाकून झाडाखाली गेला, हात वर केला, फळ तळहातात घेतलं, जरासं उचलून वळवलं, आणि ते त्याच्या हातात आलं.

त्यानं खाल्लं. डोळे मिटून खाल्लं, सावकाश, दाढीवर रस ओघळला तरी पुसला नाही. गर खाल्ला, गाभा खाल्ला, बिया तेवढ्या मुठीत राहिल्या. मग त्यानं डोळे उघडले, ओल्या डोळ्यांनी अकीलाकडं पाहिलं, तिच्या त्या दोन स्वेटरांकडं नि ढगळ जाकिटाकडं. मग बटणावर हात ठेवून उभ्या असलेल्या रहिमतुल्लाकडं.

"खट्टा है," तो म्हणाला. "कच्चा है. ये वो नहीं. ये गिनती में नहीं आएगा."

तेच त्यानं अरबीत मुलांना सांगितलं. मुलगे तोंड वासून बघत राहिले, एकानं काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर म्हाताऱ्यानं काठी उचलली नि यल्ला यल्ला करत सगळ्यांना दाराबाहेर काढलं. मग तो परत वळला. झाडाचं दुसरं सफरचंद तोडून त्यानं अकीलाच्या हातावर ठेवलं.

"तुम दोनों भी खाके देखो," तो म्हणाला. "कितना खट्टा है." आणि दारातून मान वळवून, "अकीला, अगले साल?"

"इंशाल्ला," ती म्हणाली, मोठ्यानं.

तो गेल्यावर तिनं कलमाच्या चाकूनं सफरचंद मधोमध चिरलं. अर्धं रहिमतुल्लाला दिलं, अर्धं आपण घेतलं. दोघांनी एकदमच चावा घेतला.

गोड होतं.